इंजेक्शन नको, पोरीला उचला

या आठवड्याचं पत्र एका बापाचं आहे. नाव छापू नका म्हणालेत, छापत नाही. पत्र बरंच मोठं होतं, मी कापून घेतलंय पण शब्द त्यांचेच आहेत:

"नमस्कार ताई. मी सोलापूरचाच, वय तीस. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. बायको पहिल्या बाळंतपणाला बार्शीला माहेरी गेलती. मुलगी झाली, आता पाच महिन्यांची आहे, महिन्यापूर्वी दोघी घरी आल्या. तेव्हापासून बायको आईजवळ आतल्या खोलीत झोपती आणि मी बाहेर. जवळ गेलो की अंग चोरती, परवा तर बाळ झोपलंय दिसत नाही का म्हणून खेकसली. आधी अशी नव्हती. तिचं माझ्यावरचं मनच उडालं का, असं नको ते डोक्यात येतंय. आणि खरं सांगायचं तर माझंपण पहिल्यासारखं राहिलं नाही, कधीकधी इच्छाच होत नाही. जिममधला दोस्त म्हणतो, बे, पोरगी झाल्यावर तुझं टेस्टो डाऊन झालंय, चार इंजेक्शन मार, वाघ होतो बघ. मोबाईलवर लव्ह हार्मोनचा स्प्रे पण दिसला, ऑक्सिटोसिन, उशीवर मारला की बायको आपोआप जवळ येती म्हणे. मागवू का? आई म्हणती दुसरं लगेच होऊ द्या, सगळं लाईनवर येतं. काय करू कळंना झालंय."

भाऊ, आधी दोन उत्तरं देऊन टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. इंजेक्शन घेऊ नका. स्प्रे मागवू नका. आणि बायकोचं मन उडालं का, तर तुमच्या पत्रात तसं काहीच मला दिसलं नाही. मला दिसली ती पाच महिन्यांची अंगावर पिणारी पोर, रात्री तीन-तीनदा उठणारी तिची आई आणि बाहेरच्या खोलीत एकटा पडून मोबाईल बघणारा बाप.

मी डॉक्टर नाही हे नेहमीचे वाचक जाणतातच, कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायचे, औषधाचं काही लिहायचं असलं की ओळखीच्या गायनॅक मॅडमना वाचून दाखवूनच पाठवते. पण तुमचा प्रश्न निम्मा प्राणीशास्त्राचाच आहे, त्यामुळं आज जरा लांबण लागणार, पाळी सुटल्यावर निवांत वाचा.

बायकोपासून सुरू करू. गरोदरपणात बाईच्या अंगात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन इतकं चढलेलं असतं की एरवीच्या कितीतरी पट, आणि शेवटी शेवटी हे सगळं बनवत असते वार. बाळ झालं, वार पडली, की तो कारखानाच बंद. दोन-चार दिवसांत दोन्ही हार्मोन खाली आपटतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतीण विनाकारण रडते, आणि आपल्याकडं लगेच कोणीतरी दृष्ट काढायला घेतं. काढा की, मीठ-मोहरीनं काय बिघडत नाही, पण रडू त्या घसरणीचं असतं आणि पंधरा दिवसांत बहुतेकींचं ओसरतं.

मग पाजणं सुरू होतं आणि प्रोलॅक्टिनचं राज्य येतं. बाळ ओढतं तसतसं मेंदूच्या तळाची पिट्युटरी नावाची ग्रंथी प्रोलॅक्टिन हे हार्मोन सोडते, त्यानं दूध तयार होतं, आणि रात्रीच्या पाजण्याला ते दिवसापेक्षा जास्त चढतं. आता गंमत अशी की याच पाजण्यामुळं मेंदूकडून बीजकोशाला जाणारा निरोप दबून जातो, म्हणजे बीज सुटत नाही, पाळी येत नाही, आणि बीजकोश इस्ट्रोजेनही फारसं बनवत नाही. इस्ट्रोजेन कमी म्हणजे काय, तर योनीमार्ग कोरडा पडतो, कातडी नाजूक होते, आणि त्यात टाके पडले असतील तर जवळ येणं म्हणजे तिला सरळसरळ दुखणं. इच्छा पण मंदावते. पाळी गेलेल्या पन्नाशीच्या बाईला जो त्रास होतो त्याच्या जवळपासचं काहीतरी तुमच्या बायकोला ऐन तरुणपणी होतंय, फक्त तिचं तात्पुरतं आहे. पण हे तिला कोणी सांगितलंय का? माझी खात्री आहे, नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, कान बांधून ठेव, सगळं सांगतात, हे तेवढं कोणी सांगत नाही. त्यामुळं तिला वाटत असणार आपल्यातच काहीतरी बिघडलं आणि तुम्हाला वाटतंय तिचं मन उडालं, आणि दोघं दोन खोल्यांत.

निसर्गाच्या हिशोबानं यात बिघडलेलं काहीच नाही. एक पिल्लू अंगावर असताना दुसरं पोटात नको, एवढाच त्याचा मतलब. माणसातच नाही, दूध पाजणाऱ्या बऱ्याच प्राण्यांत कमी-जास्त प्रमाणात हेच चालतं.

आता तुमचं ते ऑक्सिटोसिन. याला लव्ह हार्मोन नाव कोणी चिकटवलं देव जाणे, पण याचं मूळ काम पक्कं गृहखात्याचं आहे. 1906 साली हेन्री डेल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं पिट्युटरीचा अर्क दिला की मांजरीचं गर्भाशय आवळतं हे पाहिलं, तिथून याची गोष्ट सुरू होते. 1953 मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट दु विन्यो यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं, 1955 चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना मिळालं. आज बाळंतपणाच्या खोलीत कळा वाढवायला आणि बाळ बाहेर आल्यावर रक्तस्राव थांबवायला हेच औषध देतात, तुमच्या बायकोलाही बहुधा दिलं असणार. त्यानं ती काय डॉक्टरीणबाईंच्या प्रेमात पडली नाही ना?

दुसरं काम दूध उतरवायचं. प्रोलॅक्टिन दूध बनवतं, पण बनलेलं दूध सडात उतरवतं ऑक्सिटोसिन. हे ज्याला बघायचंय त्यानं पंढरपुरी म्हशीची धार काढताना बघावं. माझी मावशी पंढरपूर तालुक्यात असते, तिच्याकडं लांब पाठीमागं गेलेल्या शिंगांची एक म्हैस होती. मावशी आधी रेडकू सोडायची, ते दोन-चार ढुसण्या मारायचं, चारी सड चोखायचं, म्हशीचा चेहरा सैल पडायचा, कान खाली यायचे, आणि मग कास टम्म भरून आली की मावशी रेडकाला बाजूला ओढून बादली लावायची. एकदा मावशीला ताप होता म्हणून शेजारचा गडी धार काढायला बसला. तेच रेडकू, तोच गोठा, पण म्हैस पाय झाडत राहिली आणि बादलीत जेमतेम तळ झाकेल एवढं दूध. मावशी आतून ओरडली, पान्हा चोरलाय तिनं, उठ तू. अंगावर शाल घेऊन स्वतः आली, म्हशीच्या पाठीवर हात फिरवत नुसती उभी राहिली, आणि तिच्यादेखत दूध उतरलं.

यात जादू नाही. भीती वाटली, अनोळखी माणूस आला, आरडाओरडा झाला की ॲड्रेनॅलिन हे घाबरल्यावर सुटणारं हार्मोन वाढतं, ऑक्सिटोसिन दबतं, सुटलंच तर कासेपर्यंत नीट पोचत नाही. बाईचंही तेच. बाळ नुसतं रडलं तरी आईला पान्हा फुटतो, ब्लाऊज भिजतो, आणि सासूनं पाच माणसांसमोर दूध पुरत नाही वाटतं म्हटलं की तीच आई अर्धा तास बसून राहते, दूध उतरत नाही. म्हणजे हार्मोन वागणं बदलतं हे जितकं खरं, तितकंच भोवतालची माणसं कशी वागतात त्यावर हार्मोन सुटतं-अडतं हेही खरं. तुमच्या दोस्ताला पहिलं अर्धं कुठून तरी ऐकून माहितीये, दुसरं अर्धं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही.

आणि लाजू नका, हेही लिहून टाकते: जवळीक झाली, बाईला सुख मिळालं की तेव्हाही ऑक्सिटोसिन सुटतं, त्यामुळं पाजणाऱ्या बाईला त्या वेळी दूध गळू शकतं. कित्येकींना याची इतकी लाज वाटते की त्या नवऱ्याला जवळच येऊ देत नाहीत, आणि नवरा बिचारा भलतेच अर्थ काढत बसतो.

खेकसली म्हणालात ना? त्याचंही ऐका. पिल्लं असलेली उंदरीण एरवी गरीब असली तरी बिळाशी परका आला की तुटून पडते, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक असलेलं वागणं आहे. 2011 मध्ये अमेरिकेत बायकांवर असाच एक प्रयोग झाला, मुद्दाम डिवचलं तर अंगावर पाजणाऱ्या आया बाटलीनं पाजणाऱ्या आयांपेक्षा जास्त जोरात उलटल्या, आणि नवल म्हणजे तेव्हा त्यांचं ब्लडप्रेशर मात्र कमी चढलं होतं. तास-दीड तास थोपटून झोपवलेली पोर तुम्ही उठवली असती तर ती खेकसणारच, मी पण खेकसले असते, याला कुठला हार्मोन लागत नाही खरं तर.

तर स्प्रे. 2005 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला प्रयोग झाला, नाकात ऑक्सिटोसिन मारलं की माणसं अनोळखी माणसावर जास्त विश्वास टाकून पैसे देतात असं दिसलं, आणि जगभर बोंबाबोंब झाली, विश्वासाचं औषध सापडलं म्हणून. पुढं दुसऱ्यांनी करून बघितलं तेव्हा तो परिणाम काही धड पुन्हा दिसेना, 2015 मध्ये सगळे प्रयोग एकत्र तपासून पुरावा पक्का नाही असं लिहिलं गेलं. नेदरलँड्सच्या संशोधकांना तर असं दिसलं की ऑक्सिटोसिननं माणूस आपल्यांना जास्त धरून राहतो आणि परक्यांशी वागणं काही सुधारत नाही. अमेरिकेतल्या माळरानावर प्रेअरी व्होल नावाचा उंदरासारखा प्राणी असतो, एकदा जोडी जमली की बहुतेक टिकते, ऑक्सिटोसिन म्हणजे प्रेम ही सगळी गोष्ट याच प्राण्यावरून उभी राहिली. 2023 मध्ये संशोधकांनी जनुकं कापून असे व्होल तयार केले की ज्यांच्या अंगात ऑक्सिटोसिनला दाद देणारी जागाच नाही. तरी त्यांनी जोड्या जमवल्या, पिल्लंही वाढवली! म्हणजे ज्याच्या नावावर हा धंदा चाललाय त्या प्राण्याचंसुद्धा या एका हार्मोनवाचून अडलं नाही.

बरं, उशीवर मारून ते नाकातून मेंदूत जाणार कसं, बाटलीत खरंच काय आहे ते कोण तपासणार, आणि घरात पाच महिन्यांचं बाळ त्याच उशीजवळ. हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक राहतंच. बायकोला न सांगता तिच्यावर औषध वापरायचं, तिनं जवळ यावं म्हणून? भाऊ, तुम्ही माणूस वाईट नाही हे पत्रावरून कळतं, पण हा विचार वाईट आहे. ती नको म्हणते त्या दिवशी नको, आणि ती का नको म्हणते हे तिलाच विचारायचं, मोबाईलला नाही.

आता तुमच्याकडं वळू, कारण मला पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं ते तुमच्या स्वतःच्या इच्छेचं, आणि ते तुम्ही घाईघाईत लिहून पुढं पळालात.

तुमच्या दोस्ताचं अर्धं वाक्य बरोबर आहे. मूल झाल्यावर बापाचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे वृषणांत बनणारं पुरुषाचं हार्मोन, खरंच उतरतं. फिलिपिन्समध्ये सेबू शहरात 624 तरुण पोरांची 2005 मध्ये लाळ तपासली, परत 2009 मध्ये तपासली. दरम्यान ज्यांची लग्नं होऊन पोरं झाली त्यांचं टेस्टोस्टेरॉन एकट्या राहिलेल्यांच्या दुपटीहून जास्त उतरलं होतं. आणि ऐका, ज्यांचं सुरुवातीला जास्त होतं तेच पुढं बाप व्हायची शक्यता जास्त होती, म्हणजे मुळात कमी होतं म्हणून बाप झाले असला प्रकार नाही, बाप झाले म्हणून कमी झालं. त्यातही जे रोज तीन तासांच्या वर पोराचं करत होते त्यांचं आणखी कमी. बाळाच्या शेजारी झोपणाऱ्या बापांचंही कमी. हा काही आजार नव्हे.

असं का, ते चिमण्यांत बघा. चिमणा पिल्लांना भरवतो हे आपण सगळ्यांनी वळचणीला बघितलंय. अंडी घालण्याच्या आधी जोडीदारीण आणि घरटं राखायचं असतं तेव्हा त्याचं टेस्टोस्टेरॉन चढलेलं, पिल्लं निघाली की उतरलेलं. 1987 च्या एका प्रयोगात काही चिमण्यांना कातडीखाली टेस्टोस्टेरॉनची नळी बसवून ते चढतंच ठेवलं. ते भांडत बसले, घरट्याच्या जागा राखत बसले, पिल्लांना चारा कमी नेला आणि त्यांची पिल्लं कमी जगली. आता याच्या उलट आपल्या नान्नजचा माळढोक घ्या, त्याचा नर गळ्याची पिशवी फुगवून माळावर मिरवतो, मादी एकटीच अंडं घालते, एकटीच उबवते, एकटीच पिल्लू वाढवते, नर फिरकत नाही. (माळढोकच आता नान्नजला दिसायची मारामार, तो वेगळा विषय आणि माझं डोकं फिरवणारा.) तर प्रत्येक प्राण्याचा संसार वेगळा आणि हार्मोनचं वेळापत्रक त्या संसाराप्रमाणं. माणसाचं पोर इतकं परावलंबी की एकट्या आईच्यानं होत नाही, म्हणून आपलं वेळापत्रक चिमण्याकडं झुकलेलं. तुम्हाला दोस्त वाघ करायला निघालाय, तर वाघ पण पोरं सांभाळत नाही, एवढं त्याला सांगा.

उतरलं म्हणजे संपलं असंही नाही. नॉर्मलची पट्टी भरपूर रुंद आहे, दर डेसिलिटर रक्तात साधारण 300 ते 1000 नॅनोग्रॅम, आणि त्या पट्टीत थोडं खाली आल्यानं मर्दपणा जात नाही. तुमची इच्छा मरायला मला तर दुसरंच कारण जास्त दिसतं, ते म्हणजे झोप. टेस्टोस्टेरॉनचा मोठा हिस्सा झोपेत बनतो. शिकागोला दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्के घसरलं, 2011 चा अभ्यास आहे. आणि तुम्ही एक आड एक आठवडा रात्रभर लूमच्या खडखडाटात उभे, सकाळी घरी येऊन पत्र्याखाली, सोलापूरच्या उन्हात, शेजारच्या टीव्हीच्या आवाजात झोपायचा प्रयत्न करताय. पाच तास तरी होतात का? वर बायको बोलत नाही ही काळजी. ताणानं कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन चढतं, ते चढलेलं राहिलं की इच्छेला पहिला फटका. दोस्तानं हे विचारलं का? नाही विचारणार, झोप विकून त्याला काय मिळणार.

इंजेक्शननं काय होतं ते मात्र नीट वाचा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू म्हणतो, भरपूर आहे की, आणि वृषणांना जाणारा हुकूम बंद करतो. वृषणं काम थांबवतात, आकसतात, शुक्राणू बनणं कमी-कमी होत थांबतं. हे इतकं खात्रीनं होतं की जागतिक आरोग्य संघटनेनं पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून दर आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन देऊन बघितलं होतं, 1990 मध्ये निकाल छापून आला, सहा महिन्यांत निम्म्याहून जास्त पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू शून्यावर आले होते. म्हणजे तुमचा दोस्त तुम्हाला मर्दानगीच्या नावाखाली नसबंदीचं इंजेक्शन विकतोय! बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं पण त्याला महिने जातात, कुणाचं वर्षाच्या वर. शिवाय रक्त दाट होतं, तोंडावर फोड, काहींची छाती बाईसारखी सुटते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे विकायलाच परवानगी नाही, जिमच्या बॅगेतून मिळणाऱ्या कुपीत काय आहे ते तर सोडाच.

आणखी एक, हे मी पोरांना वर्गात मुद्दाम सांगायचे. झुरिकमध्येच शंभरावर बायकांना कुणाला टेस्टोस्टेरॉन, कुणाला नुसतंच खोटं औषध देऊन पैशाची वाटणी करायला लावली. ज्यांना खरंच टेस्टोस्टेरॉन मिळालं होतं त्यांनी उलट जास्त न्यायानं वाटणी केली. ज्यांना नुसतं वाटत होतं की आपल्याला टेस्टोस्टेरॉन दिलंय, त्याच आखडून वागल्या. आपल्याकडं जिममध्ये अंगात येतं त्यातलं निम्मं मला हेच वाटतं.

तरीही शंका असेल तर तपासून घ्या, चोरून नाही, सरळ डॉक्टरकडं. सकाळी सात ते दहाच्या दरम्यान उपाशीपोटी रक्त द्यायचं, एकदा कमी आलं तर वेगळ्या दिवशी परत, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात देऊ नका, आकडा फसवेल. सकाळी उठताना ताठरता येते का, दाढी-मिशी आहे तशी आहे का, हे डॉक्टर विचारतील, खरं सांगा.

मग करायचं काय. इथं मला उंदरांचाच एक जुना प्रयोग आठवतो, जे रोझेनब्लाट यांचा, 1967 चा. पिल्लं कधी न झालेल्या उंदरिणी, एवढंच काय नर उंदीरसुद्धा, रोज पिल्लांजवळ ठेवले. पहिले काही दिवस ते पिल्लांना टाळतात, कोपऱ्यात जाऊन बसतात. आठवड्याभरात पिल्लांना चाटायला लागतात, तोंडात धरून घरट्यात आणतात, अंगाखाली घेतात. बीजकोश काढलेल्या उंदरिणींनीही केलं, वृषणं काढलेल्या नरांनीही. गरोदरपणाचे हार्मोन नाहीत, काही नाही, नुसता सहवास. बाळंत झालेल्या आईला हार्मोन पहिल्या तासापासून तयार ठेवतात, बाकीच्यांना तिथं पोचायला पिल्लाजवळ राहावं लागतं, पण पोचतात. इस्राएलमध्ये रूथ फेल्डमन यांनी माणसांच्या आई-बापांचं ऑक्सिटोसिन मोजलं तर सहा महिन्यांचं बाळ असलेल्या बापाचं आईइतकंच निघालं. आईचं कुरवाळण्याशी जोडलेलं दिसलं आणि बापाचं खेळवण्याशी, हवेत उचलण्याशी, खुळखुळा वाजवण्याशी.

तुम्ही चार महिने पोरीपासून लांब होता, बार्शीला रविवारी जाऊन एक-दोन तास बघून येत असाल, सगळ्यांसमोर, हातात दिली तर दिली. घरी आल्यावर ती आतल्या खोलीत आणि तुम्ही बाहेर. तेव्हा माझं म्हणणं, पोरीला उचला. दिवसपाळीच्या आठवड्यात घरी आल्यावर हात-पाय धुऊन, सुताची कुसं झटकून, कपडे बदलून, जेवणाआधी तास-दीड तास पोर तुमच्याकडं. बनियन काढून छातीशी धरा, फिरवा, लंगोट बदला, हो, शीचा पण. ती रडेल, तुमची आई धावत येईल, पुरुषाला जमतं का म्हणेल, हसून तिथंच बसा. त्या तासात बायकोला झोपू द्या नाहीतर नुसतं अंगावर पाणी घेऊन शांत जेवू द्या, गरम भाकरी तिच्या ताटात शेवटची कधी पडली होती विचारा तिला. हे तिला पटवायला करू नका, बदल्यात रात्री काहीतरी मिळेल म्हणून तर अजिबात नको, बायकांना ते पहिल्या मिनिटात कळतं.

आणि बोला. कोरडेपणाचं, दुखण्याचं, दूध गळण्याचं मी वर लिहिलंय ते तिला हा लेख दाखवून बोला. दोन-तीन आठवडे नुसतं शेजारी बसणं, पाय चेपणं, आधीच ठरवून घ्या की पुढं जायचं नाही. अंगाला हात लागला की पुढं तेच होणार ही धास्ती गेली की तिचं अंग चोरणं आपोआप कमी होईल. नंतर तिलाच वाटलं तर पाण्याच्या बेसचं ल्युब्रिकंट मेडिकलमध्ये मिळतं, खोबरेल तेल कंडोमबरोबर वापरायचं नाही, फाटतो. तरी दुखलं तर थांबायचं आणि गायनॅककडं जाऊन टाके तपासून घ्यायचे.

झोपायच्या जागेचं आईशी तुम्हीच बोला, बायकोला पुढं करू नका. आईंचा हेतू वाईट नाही, रात्री बाळंतिणीला मदत म्हणूनच त्या आत झोपतात, पण पाच महिने झाले, आता तुम्ही तिघं एका खोलीत आणि रात्रपाळीच्या आठवड्यात आई आत, असं वाटून घ्या.

एका गोष्टीला मात्र हार्मोन-हार्मोन म्हणून थांबू नका. बायको दिवसाचा बराच वेळ उदास असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, पोरीकडं बघावंसं वाटत नसेल, मी नसलेली बरी असं बोलली असेल, तर ते बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असू शकतं आणि त्याला इलाज आहे. थायरॉईडही बाळंतपणानंतर बिघडतो, त्याची टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्या. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, टेली मानस 14416 वर फुकट आणि मराठीत बोलता येतं. मरण्याचं बोलली तर त्याच दिवशी घेऊन जायचं, उद्या नाही.

दुसऱ्या मुलाचं आईंना स्पष्ट सांगा, आत्ता नाही. दोन बाळांत नीट अंतर हवं, एक बाळ झाल्यावर पुढची गर्भधारणा निदान 24 महिने लांब ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि पाळी आली नाही म्हणजे दिवस राहत नाहीत या भरवशावर बसू नका. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरचं, रात्रंदिवस पाजणं चालू आणि पाळी आलेली नाही, हे सगळं एकत्र असेल तोवरच ते संरक्षण 98 टक्क्यांच्या आसपास असतं. तुमच्या पोरीला आता सहावा लागतोय, नाचणीची खीर, वरणाचं पाणी सुरू झालं की पाजणं कमी होणार, आणि बीज आधी सुटतं, पाळी मागून येते, म्हणजे पाळी न येताच दिवस राहिलेल्या बायका सोलापुरात हव्या तितक्या भेटतील. आशाताईंकडं दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची छाया गोळी फुकट मिळते, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा, अंगावर पाजताना चालते. त्याचसाठी बायकांचं अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा, तेही सरकारी दवाखान्यात फुकट. नाहीतर तांबी. नाहीतर तुम्ही कंडोम, आणि खरं तर सध्या तेच बरं, तिच्या अंगात या वर्षभरात पुरे एवढं होऊन गेलंय.

दोस्ताला हा लेख पाठवा. तो स्वतः इंजेक्शन घेत असेल आणि त्याचं लग्न व्हायचं असेल किंवा मूल व्हायचं असेल तर त्याला युरॉलॉजिस्टकडं जाऊन वीर्य तपासून घ्यायला सांगा, आणि स्वतःच्या मनानं एका दिवसात बंद करू नको म्हणावं, किती दिवस घेतलं ते डॉक्टरला खरं सांग आणि ते म्हणतील तसं सोड.